जासईला नेलेल्या दोन भाषा

आमच्या सोसायटीत हल्ली जो तो कुठून तरी फिरून आलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं बालीला जाऊन आलं, सातव्यावरच्या काकू घरोघर स्वित्झर्लंडचं चॉकलेट वाटत फिरल्या. लिफ्टमध्ये मला विचारतात, "सुनीताताई, तुम्ही कुठे जाता की नाही?" जाते ना! परवाच तीन दिवस जासईला जाऊन आले. ऐरोलीहून जासई, म्हणजे वाटेत कंटेनरवाल्यांनी कृपा केली तर तास-सव्वातासाचा रस्ता. ऐकून लोक हसतात. हसा, हसा. पण त्या तीन दिवसांत मी माझ्या माहेरच्या मांडवात बसून जे पाहिलं, ते कुणाच्या चॉकलेटच्या डब्यात सापडायचं नाही.

माझ्याबरोबर दोघीजणी होत्या. एक माझी सून नोसिफो. दक्षिण आफ्रिकेत एम्थाथा म्हणून गाव आहे, त्याच्या जवळच्या खेड्यातली. प्राथमिक शाळेत शिकवायची. तिची भाषा खोसा, माझ्याशी बोलते इंग्लिशमध्ये. नावातला फ आपल्या फणसातला म्हणायचा, फॅनमधला म्हटलेला तिला चालत नाही. माझा मंदार जहाजावर इंजिनियर आहे. दरबानच्या बंदरात दोघांची ओळख झाली, तिकडेच नोंदणी करून लग्न केलं आणि मला फोनवर फोटो पाठवला. मी चार दिवस रागावले. पाचव्या दिवशी लाडू वळायला घेतले, करता काय!

दुसरी शिलान. आमच्याच मजल्यावर भाड्याने राहते, इथे फार्मसी शिकते. सुलेमानियाची कुर्दी मुलगी. हिंदी शिकली ती मालिका बघून, त्यामुळे दूध उतू गेलं तरी कपाळावर हात मारून "माँजी, ये क्या अनर्थ हो गया!" असं ओरडते.

मंदार सुनेला घेऊन आला, आठवडाभर राहिला आणि परत जहाजावर गेला. जाताना म्हणाला, "आई, तिला घरचं वाटू दे." तिथेच घोडं पेंड खात होतं. सून गुणी, हसरी, पण दिवसेंदिवस पाहुणीसारखी वागायला लागली. पहाटे पाचला उठायची, डोक्याला रुमाल बांधायची, मी बसल्याशिवाय बसायची नाही. "एवे, मामा," म्हणजे "हो, आई," याच्यापलीकडे बोलणं नाही. आणि जासईला निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "मामा, मंदार येईपर्यंत मी माझ्या आईकडे जाऊन राहिले तर चालेल?"

गेली तर ही परत येईल का? आणि माझं चुकलं तरी काय? मी तर पहिल्याच आठवड्यात तिला समोर बसवून सांगितलं होतं, "आमच्यात लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. माझंही बदललं. माहेरचं नाव सासरी गावंढळ वाटलं. मला विचारलंसुद्धा नाही. छत्तीस वर्षं ते मला टोचतंय. म्हणून तुझ्या नावाला मी कुणाला हात लावू देणार नाही, अगदी कध्धी नाही!" एवढं पुरोगामी भाषण ठोकून मी स्वतःवर बेहद्द खूश होते. ती "एवे, मामा" म्हणाली आणि आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

म्हटलं, जासईला नेऊ. माझ्या भावाच्या, नानाच्या मुलाचं लग्न होतं. चार माणसांत रमली तर रमली. परत आल्यावरही जायचंच म्हणाली, तर आपल्या हाताने तिकीट काढून देऊ.

ऐरोली ते जासई

गाडी भाड्याची, ड्रायव्हर कळंबोलीचा, बोलायला एकदम खुल्ला. "आंटी, टेन्शन नॉट, दहाला निघू, अकराला जासईत नाश्ता." पाम बीच रोडने सुसाट निघालो. खाडीत गुलाबी पक्षी उभे होते. शिलानने त्यांचे चाळीस फोटो काढले. तिच्या मांडीवर एक मोठं पातेलं होतं. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून त्यांच्याकडे एक पदार्थ करतात, याप्राख. लग्नाला रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून पहाटेपासून तेच करत बसली होती. द्राक्षाची पानं मिळाली नाहीत म्हणून अळूची घेतली. मला आपली अळूवडीच आठवली.

गव्हाण फाट्याच्या पुढे कंटेनरवाल्यांची कृपा काही झाली नाही. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला ट्रेलर, मध्ये आमची डबी. तिथे आम्ही दीड तास बसलो आणि त्या दीड तासात माझी वही भरली.

सांगायचं म्हणजे मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होते. माणूस दिसायच्या आधी मला त्याचा आवाज दिसतो. या दोघी आल्यापासून मी एका वहीत तीन रकाने आखले होते : मराठी, कुर्दी, खोसा. शिलानने आकडे म्हटले : यक, दू, से, च्वार, पेंज, शश... "अगं, हे तर आमचेच आकडे!" मी ओरडले. गरमला गर्म, नव्याला न्वे. "आणि नावाला काय म्हणता?" "नाव," ती म्हणाली. "हो, नाव. नावाला काय म्हणता?" "नाव, माँजी, नाव!" पाच मिनिटं आमचं हेच चाललं होतं. शेवटी ड्रायव्हरने समजावलं की ती उत्तरच देतेय. कुठलं सुलेमानिया आणि कुठलं जासई, आणि नावाला दोघी नावच म्हणतो. लांबची मावसबहीण भेटल्यासारखं मला झालं.

खोसाचा रकाना मात्र निराळाच. एकाला इन्ये, दोनाला झिंबिनी, तिनाला झिंताथु. काही लागेबांधे नाहीत. "नावाला?" "इगामा." आणि मध्येच त्या जिभेच्या टिचक्या! त्यांच्यात तीन तऱ्हेच्या आहेत. एक आपण हळहळताना च्-च् करतो तशी. एक टाळूवर जीभ आपटून, बाटलीचं बूच उडावं तशी. आणि तिसरी गालाच्या कडेने, माझे बाबा बैलाला हाकायचे अगदी तशी. खोसा या नावातच ती तिसरी आहे, आपण नुसतं खोसा म्हणतो म्हणजे नाव अर्धंच घेतो. रोमन लिपीत ती X ने लिहितात. शिलानकडे तोच X म्हणजे खुशीतला ख. एकाच अक्षरावरून दोघींची जुंपली. ड्रायव्हरलाही चेव आला, त्याने बुचाची टिचकी वाजवायला घेतली आणि नोसिफो खळखळून हसली. महिन्याभरात मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

तिच्या भाषेत आणखी एक गंमत आहे. मुख्य शब्दाच्या डोक्यावर जी टोपी, तीच मागच्या सगळ्या शब्दांच्या डोक्यावर. म्हातारी माणसं म्हणायचं तर 'अबांतू अबादाला'. अब, अब. आमच्या लग्नात सगळ्या करवल्या ठरवून एकसारखी साडी नेसतात, तसंच. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या लग्नातही बायका ठरवून एकसारखं नेसतात, मामा."

आणि तेव्हाच मला एक गोष्ट लक्षात आली. शब्दांनी शिलान जवळची, पण रीतींनी ही जवळची. घरात आल्यापासून तिने माझ्या यजमानांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. त्यांचं नाव वसंत. कोपऱ्यावर वसंत स्टोअर्स आहे, तर त्यालाही ती 'ते हिरव्या पाटीचं दुकान' म्हणते. मला वाटायचं, उच्चार जमत नसेल. त्या दिवशी विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "सासऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. त्यासारखा दुसरा शब्दही टाळायचा." अगं बाई! माझी आजीसुद्धा असंच करायची. ती आमच्या आजोबांचं नाव आयुष्यात कधी बोलली नाही.

तेवढ्यात ट्रेलर हलला, ड्रायव्हरने गचका दिला आणि पातेलं उलटलं. निम्मं याप्राख शिलानच्या मांडीवर. या वेळी तिला हिंदी सुचेना, जे काही निघालं ते अस्सल कुर्दीत निघालं.

जासई, हळद

"आयलीस गो बाय? कवाची वाट बगतो!" नाना मांडवाच्या दारात उभा होता. मग त्याने दोघींकडे बघितलं, फेटा सारखा केला आणि आपल्याला येतं ते सगळं इंग्लिश वापरलं : "वेलकम. सिट. इट."

उरलेलं याप्राख बायकांनी दोन मिनिटांत संपवलं. "अलूवडीत भात घातलान गो हिनं!" त्याच्या बदल्यात तांदळाची भाकरी, वालाची आमटी, मटण आणि सुकट समोर आली. हलाल नसेल म्हणून शिलानने मटणाला हात लावला नाही, सुकटीवर मात्र तुटून पडली. नोसिफोने भाकरी थापायला मागितली. पहिली फाटली, दुसरी फाटली, तिसरी गोल आली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पोरींनी तिच्या बारीक वेण्या हातात घेऊन मोजल्या. "किती येल लागतो गो येन्या घालाला?" सहा तास, असं कळल्यावर माझी भावजय म्हणाली, "आमचे डोक्यावं तवरे केसच नाय."

आमच्याकडे लग्न लावायला भटजी असतो, पण लग्न चालवते ती धवलारीण. हळद दळण्यापासून नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक गोष्टीचं तिचं गाणं असतं, सगळं तोंडपाठ. आमची हिराबाय सत्तरीची आहे, आवाज अजून खणखणीत. तिने हळदीचा धवला गायला घेतला आणि नवऱ्याच्या गालाला पहिली हळद लागली. त्याच क्षणी माझ्या उजव्या कानाशी नोसिफोने जीभ नाचवून असा काही लांबलचक आवाज काढला की मांडवातली कबुतरं उडाली. आणि डाव्या कानाशी शिलानने तोच आवाज काढला! दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. एका भाषेतला एक शब्द दुसरीत नाही, पण आनंद झाला की दोन्हीकडच्या बायका जीभ अशीच नाचवतात.

हिराबायने गाणं थांबवलं. मला वाटलं, आता ही चिडणार. ती म्हणाली, "परत कर गो पोरी. आनि मना शिकव." अर्ध्या तासात अख्खा मांडव तो आवाज काढत होता. मग शिलानने माझ्या तीन वहिन्या आणि दोन माम्या करंगळीत करंगळी अडकवून रांगेत उभ्या केल्या आणि त्यांच्याकडचा नाच सुरू केला. शेवटच्या टोकाला नोसिफो, जमीन हादरेल असे पाय आपटत. मीही नाचले. गुडघ्याने दुसऱ्या दिवशी हिशेब मागितला, तो दिला.

वाटलं, जमलं! पण संध्याकाळी नोसिफोच्या आईचा फोन आला. ती लांब जाऊन बोलली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला, डोक्यावरचा रुमाल पुन्हा घट्ट.

जासई, तिसरी सकाळ

लग्नाचं वर्णन करत नाही. मुहूर्त टळला, जावई रुसला, आइस्क्रीम वितळलं, तुम्ही पाहिलंय सगळं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या नवरीसमोर तांदळाचं ताट आलं. नानाच्या मुलाने सोन्याच्या अंगठीने तांदळात तिचं नवं नाव लिहिलं. सोनलची निधी झाली. पोरगी लाजली, पेढे वाटले. नोसिफोने मला विचारलं, "तो काय लिहितोय?" मी नाक मुरडलं. "तिचं नवं नाव. बघ, अजून करतात हे लोक!" ती उठली आणि मागच्या दाराने निघून गेली.

पाचेक मिनिटांनी मी शोधायला गेले. मागच्या पडवीत ती बसली होती, रुमालात तोंड खुपसून. शिलान तिच्या पाठीवर हात फिरवत होती. मला बघून म्हणाली, "माँजी, आपने ये क्या किया?" हा मालिकेतला आवाज नव्हता.

नोसिफो हळूहळू बोलली. त्यांच्याकडे सून घरात आली की सासू आणि सासरच्या बायका तिला नाव देतात. नाव दिलं म्हणजे ती त्या घरची झाली. "माझी आई रोज विचारते, नाव दिलं का? मी म्हणते, उद्या देतील. कालही तेच म्हणाले. मामा, तुम्ही तर म्हणालात, कधीच देणार नाही. मी खूप विचार केला. माझं काय चुकतं? लवकर उठते. चहा चांगला होत नाही का?"

मी तिच्याशेजारी बसले. महिनाभर ही पोर पहाटे पाचला उठून माझ्याकडून नावाची वाट बघत होती आणि मी पंख्याखाली बसून स्वतःची पाठ थोपटत होते! मला माझी इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

"अगं, पण तुझं आहे ते नाव मोडायचं? माझं मोडलं तसं?"

"नोसिफो कुठे जातंय? पासपोर्टवर तेच, आई तेच म्हणणार. सासरचं नाव त्याच्यावर आणखी एक मिळतं."

शिलान म्हणाली, "माझ्या आईची मावशी सीमेपलीकडे राहायची. तिथे कागदावर आमची कुर्दी नावं लिहू द्यायचे नाहीत. तिचं कागदावर एक नाव होतं आणि घरात दुसरं. कागदावरचं घेतलं तर ती वळून बघायची नाही. घरातलं कुणी हळूच घेतलं तरी तीन खोल्यांपलीकडून धावत यायची. माँजी, तुमचं जे गेलं ते घरातलं होतं. हिला तेच हवंय."

मी उठले आणि मांडवात जाऊन ओरडले, "तांदूळ उचलू नका! माझ्या सुनेचं नाव ठेवायचंय!"

झालं, सगळ्यांना कंठ फुटला. कोणी म्हणे काजल, कोणी म्हणे ऐश्वर्या, आम्हाला न्यायला आलेला ड्रायव्हर म्हणे करिना. हिराबायने हात वर केला. "गप रावा. सासू सांगल ता नाव." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीस वर्षं लोकांची नावं हेडफोनवर ऐकली, वेळेला एक आठवेल तर शपथ!

"तुजाच दे ना, बाय," नाना म्हणाला. "पडून हाय ता. कोन वापरतो?"

"हौसा!" हिराबाय म्हणाली. "तुज्या बापानं ठेवलता. तीन पोरांवं नवस करून पोरगी मागून घेतलीन त्यानं."

कित्येक वर्षांत कुणी ते नाव उच्चारलं नव्हतं. माहेरी मी बाय, सासरी सुनीता, ऑफिसात मॅडम. नोसिफोला मी सांगितलं, "हौसा म्हणजे जिची हौस होती ती. जी यावी म्हणून अख्खं घर वाट बघत होतं ती."

तिला सगळं कळलं. म्हणाली, "पण हे तर तुमचं. तुम्हाला परत हवं होतं ना?"

"हवं होतं. म्हणून तर तुला देते."

मंदार समुद्रावर, म्हणून अंगठी मीच घेतली. पहिल्यांदा मात्राच तांदळात विरून गेली. ताट हलवून पुन्हा लिहिलं. तिने ते बोट न लावता, वरून हवेत गिरवलं. "हौ-सा." पहिल्या झटक्यात बरोबर.

मग तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. खांद्यावर शाल घेतलेली एक जाडजूड बाई दिसली, मागे गोठा, कोंबड्या, आमच्या मागच्या अंगणासारखंच. तिने एकच प्रश्न विचारला. भाषा न येताही मला तो कळला. नोसिफो रडत रडत हसत सांगत होती आणि त्या टिचक्यांच्या मधून मला माझं नाव पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. तिकडून तो जीभ नाचवलेला आवाज आला. इकडून हिराबायने उत्तर दिलं, मग सगळ्या जासईच्या बायकांनी. शिलान तर थांबायलाच तयार नव्हती.

"आईकडे जायचं म्हणत होतीस," मी नंतर विचारलं. "तिकीट काढू?"

"दोन काढा, मामा. मंदार आल्यावर त्याचं काढू. आई म्हणते, नाव देणारी सासू बघायचीय."

दुपारी निघालो. गाडी सुरू झाली, गल्लीच्या वळणावर आली, तेवढ्यात मागून हिराबायची हाक आली. सत्तरीचा तो आवाज, अख्ख्या जासईला ऐकू जाईल असा.

"हौशे! गो हौशे! वटीचा नारल रायला!"

ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. "ओ" अगदी ओठांपर्यंत आला होता. पण तोवर पलीकडचं दार उघडून ती पळत सुटली होती. रुमाल निसटून खांद्यावर पडला तरी थांबली नाही. "ओ! आले, आले!" मराठीत.

मी कडीवरचा हात काढून घेतला आणि सीटवर मागे टेकून बसले. शिलानने माझ्याकडे वळून बघितलं. "माँजी, आप रो रही हैं?"

"नाही गं," म्हटलं. "मला वाटलं, मलाच हाक मारली."